भिजलात तरी चालेल: शिवारात गडगडाटी वादळ गाठतं तेव्हा

शेतात राबणारा माणूस काम कधी थांबवतो? आभाळ काळं झालं म्हणून नाही, लांब कुठेतरी गुरगुरलं म्हणूनही नाही. पहिले चार टपोरे थेंब पाठीवर पडले की थांबतो. मग हातातलं अवजार बांधावर टाकायचं, डोक्यावर काहीतरी धरायचं आणि सगळ्यात जवळचं झाड गाठायचं. झाड नसेल तर खोपी, खोपी नसेल तर ट्रॉलीच्या खाली.

या सगळ्या धावपळीत त्याच्या मनात एकच गोष्ट असते, भिजायचं नाही. गोची इथेच आहे. एकटं झाड, गवती छप्पर, चारी बाजूंनी उघडा मांडव, छत्री ही सगळी पाऊस अडवतात. वीज अडवत नाहीत. उलट यातल्या काही गोष्टी माणसाला आपणहून तिच्या तोंडी देतात. शिवाय वीज पावसाची वाट बघत नाही. पाऊस अजून सात-आठ किलोमीटरवर असताना, डोक्यावर निम्मं आभाळ स्वच्छ असतानाही ती पडू शकते. म्हणून पुढचं सगळं वाचताना पाऊस बाजूला ठेवा. आपला हिशेब विजेशी आहे, आणि थोडा वाऱ्या-पाण्याशी.

ढगाच्या पोटात काय चालतं

उन्हानं जमीन तापते, जमिनीलगतची दमट हवा तापून हलकी होते आणि वर चढायला लागते. वर गेल्यावर ती थंड होते, तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात आणि ते होताना उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेनं हवा आणखी जोरात वर जाते. हे चक्र जमलं की तासाभरात साध्या कापसासारख्या ढगाचा डोंगर होतो. त्याचा तळ जमिनीपासून एक-दोन किलोमीटरवर आणि माथा 12 ते 15 किलोमीटरवर, काही वेळा त्याहूनही वर. तिथे त्याला वरच्या थराची हवा आणखी चढू देत नाही, म्हणून माथा चपटा होऊन आडवा पसरतो, लोहाराच्या ऐरणीसारखा. हा आकार लांबून स्पष्ट दिसतो. जवळ आल्यावर मात्र वर नुसता करडा पडदा दिसतो आणि ढग केवढा आहे ते कळेनासं होतं.

या डोंगराच्या मधल्या भागात, शून्याखालच्या तापमानात, बर्फाचे हलके स्फटिक वर जात असतात आणि बारीक मऊ गारा खाली येत असतात. त्यांच्या टकरी होतात. टकरीत गारांवर ऋण भार राहतो, स्फटिकांवर धन. स्फटिक वर निघून जातात, गारा मधेच घुटमळतात. ढगाच्या माथ्याला धन आणि पोटाला ऋण अशी विभागणी झाली की विजेची तयारी पूर्ण होते. ढगाच्या आतल्या आत चमकणाऱ्या विजा बऱ्याच जास्त असतात. जमिनीवर येणाऱ्या त्यामानानं थोड्या. आपला संबंध या थोड्यांशी.

जमीन तापायला वेळ लागतो, म्हणून अशी वादळं बहुतेक करून दुपारनंतर आणि संध्याकाळी उठतात. सकाळीच हवामानाचा अंदाज बघून उघड्या माळावरची, घरापासून लांबची कामं आधी उरकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. रात्री वादळं येतच नाहीत असं मात्र नाही.

सेकंद मोजा, पण आपल्या चालीशी ताडून

उजेड डोळ्यांपर्यंत तत्क्षणी पोचतो, आवाज मात्र सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो. म्हणजे एक किलोमीटर यायला त्याला तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा आणि तीननं भागा. 30 सेकंद झाले तर वीज 10 किलोमीटरवर आहे, 15 झाले तर पाचवर.

30 सेकंदांच्या आत आवाज आला की आसऱ्याला जा, असा नियम बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो. नियम चांगला आहे, पण तो गावातल्या किंवा मैदानावरच्या माणसाला, ज्याचं घर दोन मिनिटांवर आहे. शिवारातल्या माणसासाठी तो जसाच्या तसा पुरत नाही. गणित करून बघा. वादळ ताशी 40 किलोमीटरनं सरकत असेल तर 10 किलोमीटर यायला त्याला पंधरा मिनिटं लागतात. तुमचं पक्कं घर चालत वीस मिनिटांवर असेल तर तुम्ही 30 सेकंद मोजेपर्यंत उशीर झालेला आहे. त्यातून वीज ढगाच्या पुढे दहा-पंधरा किलोमीटरवर निरभ्र आभाळाखालीही पडते. म्हणजे वादळ डोक्यावर येण्याची गरजच नाही.

तेव्हा आधी स्वतःचा आकडा काढून ठेवा: आज जिथे काम करतोय तिथून पक्क्या आसऱ्याला पोचायला किती मिनिटं? गुरं सोबत असतील तर किती? लहान मूल किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर? हा आकडा दहाच्या वर असेल तर पहिला गडगडाट ऐकू आला की निघायचं, मोजत बसायचं नाही. आवाज ऐकू आला याचा अर्थच तुम्ही टप्प्यात आहात, कारण गडगडाट फार तर पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत ऐकू जातो, आणि वारा उलटा असेल तर तेवढाही नाही.

ऐकू येण्यावरून आठवलं. ट्रॅक्टरवर बसलेला, मळणी यंत्राशेजारी उभा असलेला, डिझेल पंपाजवळचा आणि कानात इयरफोन घालून गुरं राखणारा, यांना गडगडाट ऐकू येतच नाही. त्यांना घरून कोणीतरी फोन करायला हवा. ही जबाबदारी कोणाची ते घरात आधीच ठरलेलं बरं. जुना एएम रेडिओ असेल तर तोही उपयोगी पडतो: लांबच्या प्रत्येक विजेला त्याच्यात खरखर होते, आणि ती खरखर वाढत गेली की वादळ जवळ येतंय.

वीज जागा कशी निवडते

'हातात लोखंड आहे, वीज ओढेल' हे आपण लहानपणापासून ऐकतो. ढगातून निघालेली विजेची वाट साधारण 50-50 मीटरच्या टप्प्यांनी, फांद्या फोडत खाली येते. वरून येताना तिला खाली कोण आहे, कोणाच्या हातात विळा आहे, याचा पत्ता नसतो. जमीन अगदी जवळ आली, शेवटचे पन्नास-शंभर मीटर उरले, की खालच्या उंच वस्तूंमधून तिला भेटायला ठिणग्या वर निघतात. झाडातून, खांबातून, उभ्या माणसातूनसुद्धा. ज्या ठिणगीची गाठ आधी पडते तिथे वीज कोसळते. त्यामुळे महत्त्व उंचीला आहे, एकटेपणाला आहे. विळा, अंगठी, मोबाइल यांनी यात काही फरक पडत नाही. खांद्यावर सरळ उभी धरलेली लांब काठी, बांबू किंवा फवारणीची नळी मात्र तुमची उंची वाढवते, म्हणून ती खाली ठेवायची. ती लोखंडाची आहे की लाकडाची, हा प्रश्न नंतरचा.

आणि 'एकदा पडली तिथे परत पडत नाही' हेही खरं नाही. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर वर्षाला वीस-पंचवीस वेळा वीज पडते.

गाठ पडली की त्या वाटेनं साधारण 30,000 अँपिअरचा प्रवाह धावतो, तोही सेकंदाच्या अगदी लहान भागात. वाटेतली हवा 30,000 अंशांच्या आसपास तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. ती हवा फुटल्यासारखी पसरते आणि तोच आपला गडगडाट.

पण आपण ज्याला 'अंगावर वीज पडणं' म्हणतो ते क्वचित घडतं. विजेच्या जखमांचा अभ्यास करणाऱ्यांच्या अंदाजानं थेट डोक्यावर पडून बाधित होणारे शंभरात तीन ते पाचच. बाकीच्यांना ती दुसऱ्या वाटेनं गाठते. झाडावर पडलेली वीज खोडातून खाली येताना शेजारी उभ्या माणसाच्या अंगावर उडी घेते, कारण पाण्यानं आणि क्षारांनी भरलेलं माणसाचं शरीर लाकडापेक्षा बरा वाहक आहे. तारेच्या कुंपणावर पडली तर तारेतून शेकडो मीटर धावते आणि तारेला हात लावलेल्याला धरते. काहींना वर निघालेली, पण गाठ न पडलेली ठिणगीच जखमी करते. आणि सगळ्यात मोठा वाटा, जवळजवळ निम्मा, जमिनीचा. वीज जिथे पडते तिथून प्रवाह मातीत चहूकडे पसरतो आणि पायांतून वर चढतो.

हा जमिनीतला प्रवाह नीट समजला की निम्म्या सूचना पाठ करायची गरज उरत नाही. समजा, ओलसर मातीत 30,000 अँपिअरची वीज पडली. तिच्यापासून 10 मीटरवर तुम्ही एक मीटर फाकवून पाय ठेवले असतील तर दोन पायांमध्ये चार हजार व्होल्टच्या वर दाब येतो. पाय जुळवून, चार बोटांच्या अंतरानं ठेवलेत तर तोच दाब साडेचारशेच्या आसपास. पन्नास मीटर लांब गेलात तर फाकलेल्या पायांतही दोनशेच्या खाली. कोरड्या, खडकाळ जमिनीत हे आकडे पुष्कळ वाढतात. यातून दोन गोष्टी निघतात: ज्यावर वीज पडू शकते त्यापासून लांब राहा, आणि जमिनीला टेकणारा तुमचा पसारा लहान ठेवा.

म्हणूनच आडवं पडून राहणं हा वाईट सल्ला आहे. झोपलेल्या माणसाच्या डोक्यापासून पायापर्यंत दीड-पावणेदोन मीटर अंतर, आणि मधल्या वाटेवर हृदय. गुरांचंही तेच. पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटर अंतर असतं, म्हणजे त्याच ठिकाणी माणसापेक्षा जास्त दाब, आणि प्रवाह छातीतूनच जातो. नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा पठारावर ऑगस्ट 2016 मध्ये 323 रेनडिअर एकाच ठिकाणी मरून पडलेले सापडले. वादळाला बिचकून ते दाटीनं एकत्र उभे राहिले होते आणि जमिनीनंच त्यांना मारलं.

त्यामुळे गुरांना झाडाखाली बांधू नका, तारेच्या कुंपणालगत कोंडू नका. वादळ लांब असतानाच गोठ्यात आणा. वेळ गेली असेल तर त्यांना मोकळं सोडा आणि तुम्ही निघा. हे लिहायला सोपं आणि करायला अवघड आहे, याची कल्पना आहे. दावं हातात धरून थांबलेला माणूस मात्र जनावरालाही वाचवू शकत नाही.

जायचं कुठे

विजेपासून खरा आसरा दोनच ठिकाणी मिळतो: भिंती-छताची, आत वायरिंग किंवा नळ असलेली पक्की इमारत, आणि काचा वर केलेली, धातूच्या टपाची चारचाकी.

गाडीबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय, की रबरी टायर वाचवतात. जी वीज ढगापासून किलोमीटरभर हवा फाडत आली तिला वीतभर रबर काय अडवणार? वाचवतो तो पत्रा. 1836 साली मायकेल फॅरेडेनं धातूच्या जाळीची एक खोली बांधून दाखवून दिलं की बाहेर कितीही वीज खेळवली तरी ती बाहेरच्या पृष्ठभागावरून जाते, आत पोचत नाही. गाडी म्हणजे चाकांवरची तीच खोली. आत बसून पत्र्याला, दाराच्या कडीला टेकू नका, एवढंच. कापडी टपाची गाडी, मोटारसायकल, सायकल, उघडा ट्रॅक्टर यांना हे लागू नाही, तिथे टायर असून नसल्यासारखे. ट्रॅक्टरला बंद धातूची केबिन असेल तर ती चालते. रबरी बुटांचंही टायरसारखंच. पाय चिखलात भरू नयेत म्हणून जरूर घाला, पण विजेच्या भरवशावर नको.

इमारतीत वायरिंग आणि नळ का हवेत? कारण वीज पडलीच तर तिला जमिनीत जायला वाट लागते. तारा आणि पाइप ती वाट देतात. कुडाच्या, गवती छपराच्या झोपडीत अशी वाट नसते. मग वीज आत बसलेल्या माणसांमधून जाते, आणि छप्पर पेटतं ते वेगळंच. जागतिक हवामान संघटनेनं एका विजेनं सर्वाधिक थेट बळी घेतल्याची जी घटना नोंदवली आहे ती अशाच झोपडीतली. डिसेंबर 1975 मध्ये आजच्या झिंबाब्वेत वादळातून वाचायला एका झोपडीत शिरलेले 21 जण एका विजेनं गेले. ते कोरडे राहायला आत शिरले होते.

ज्यांचं राहतं घरच तसं आहे त्यांना 'पक्क्या इमारतीत जा' म्हणून मोकळं होता येत नाही. जवळच्या शाळेचा, सार्वजनिक इमारतीचा आसरा वादळ लांब असतानाच घ्यावा, आणि घराला वीजरोधक बसवून घ्यावा. लोक त्याला लायटनिंग अरेस्टर म्हणतात. मूळ कल्पना अठराव्या शतकातल्या बेंजामिन फ्रँकलिनची. त्याचे तीन भाग: वर घरापेक्षा उंच टोकदार दांडी, तिथून खाली येणारी जाड सलग तार, आणि जमिनीत खोल गाडलेला अर्थ. तो वीज 'ओढून घेत' नाही किंवा परतवूनही लावत नाही, फक्त तिला घराबाहेरून जमिनीत जायला सोपी वाट देतो. अर्थची तार गंजून तुटली असेल तर वरची दांडी नुसती शोभेची, नव्हे धोक्याची. बसवल्यावर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. आणि वादळात त्या तारेजवळ बसू नका.

पत्र्याचं शेड दोन्हींच्या मधलं. चारी बाजूंनी बंद, लोखंडी खांब जमिनीत पक्के गाडलेले असतील तर ते झोपडीपेक्षा बरंच बरं, पण खांबाला आणि पत्र्याला टेकायचं नाही. नुसतं छत आणि चार खांब असतील तर ती छत्रीच, मोठी.

काहीच जवळ नसेल तर

उघड्या माळावर, आसऱ्यापासून लांब, वादळ अंगावर आलं तर काय? उकिडवं बसा, पाय जुळवा, कान झाका, असं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेनं 2008 मध्ये ही शिफारस करणं सोडून दिलं. बसण्यात चूक आहे म्हणून नाही. ते बसणं म्हणजेच सुरक्षितता असं लोकांना वाटायला लागलं आणि ते आसऱ्याकडे चालायचेच थांबले, म्हणून. माझंही मत तेच: पाय चालत असतील आणि आसरा गाठता येण्यासारखा असेल तर चालत राहा. भिजत, धापा टाकत, पण चालत राहा.

चालताना उंचवटा, टेकाड, बांधाचा माथा सोडून खालच्या अंगानं जा. एकट्या झाडापासून त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब राहा. विजेचे खांब, मोबाइल टॉवर, तारेचं कुंपण, लोखंडी पाइपलाइन टाळा. विहीर, तळं, शेततळं यांत असाल तर आधी बाहेर या. दाट जंगलात असाल तर सगळ्यात उंच झाडापासून दूर, सारख्या उंचीच्या ठेंगण्या झाडांच्या गर्दीत थांबणं त्यातल्या त्यात बरं. चार-सहा जण असाल तर घोळक्यानं जाऊ नका, एकमेकांत पंधरा-वीस मीटर अंतर ठेवा. भीतीच्या वेळी माणूस माणसाला चिकटतो, पण विजेच्या बाबतीत विखुरलेलं बरं: एकाला झटका बसला तर त्याला उठवायला दुसरा शुद्धीवर हवा.

अंगावरचे केस उभे राहिले, कातडीला मुंग्या आल्या, कुंपणाच्या तारेतून किंवा अवजारातून भुणभुण ऐकू आली, तर वर सांगितलेली ठिणगी तुमच्यातून निघायच्या बेतात आहे. त्या क्षणी मात्र हातातलं टाकून, पाय जुळवून, चवड्यांवर खाली बसा, हात जमिनीला टेकवू नका. तो क्षण टळला की लगेच उठून पुन्हा चालू लागा.

घरात शिरल्यावर

घरात आलात म्हणजे विषय संपला असं नाही, कारण जी वाट विजेला जमिनीत नेते तीच तुमच्या हातापर्यंत येते. वादळ चालू असताना नळाखाली हात, अंघोळ, भांडी घासणं नको. वायरच्या फोनवर बोलणं नको. मोबाइलवर बोलायला हरकत नाही, फक्त तो चार्जरला लावलेला नसावा. टीव्ही, फ्रिज, इन्व्हर्टर यांचे प्लग काढायचे तर वादळ यायच्या आधी. विजा चमकत असताना प्लगला हात लावायला धावू नका. यंत्र जळालं तर नवीन येतं. मोटारीच्या स्टार्टरला तर मुळीच जाऊ नका, त्याच्या तारा लांबवर उघड्या शिवारातून आलेल्या असतात.

काँक्रीटच्या भिंतीत आणि जमिनीत सळया असतात, म्हणून भिंतीला टेकून बसू नका, फरशीवर पसरू नका. आणि ओसरीत, उंबऱ्यात उभं राहून पाऊस बघण्याचा मोह आवरा. दार-खिडक्यांपासून आत, खोलीच्या मध्ये बसा.

शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर 30 मिनिटं बाहेर पडायचं नाही. प्रत्येक नव्या गडगडाटाला घड्याळ पुन्हा शून्यावर आणायचं. पाऊस थांबला, ऊन पडलं तरी हे लागू आहे, कारण वादळाची शेपूट ढग सरकल्यावरही विजा सोडत असते. उन्हात पडलेलं धान्य झाकायला निघालेली माणसं नेमकी याच वेळी सापडतात.

वारा, गारा, पाणी

कुंद हवेत एकाएकी गार वाऱ्याचा झोत आला की मनाला बरं वाटतं. तो झोत म्हणजे ढगातून खाली कोसळलेली थंड हवा, जमिनीवर आपटून पुढे पसरलेली. वादळाचं पोट आता काही मिनिटांवर आहे. कधी ही हवा एवढ्या जोरानं कोसळते की ताशी 100 किलोमीटरच्या पुढचा वारा सुटतो आणि झाडं एका बिंदूपासून चहूकडे बाहेर आडवी पडतात. टेड फुजिता या शास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात हा प्रकार उलगडला; तोवर अशी पडझड चक्रीवाताच्या नावावर खपून जायची. घरासाठी याचा अर्थ एवढाच: सुटे पत्रे, ताडपत्री, पाइप, शिड्या आधीच बांधा, कारण वाऱ्यात उडणारा पत्रा कोयत्यासारखा चालतो. तो उडायला लागल्यावर धरायला जाऊ नका.

गारांत डोकं झाका. पाटी, घमेलं, जाड गोणपाट, जे हाताला लागेल ते. घमेलं लोखंडी आहे म्हणून बिचकू नका, कारण वर सांगितलंच. पाठ वाऱ्याकडे करा; गारांचा मारा सहसा काही मिनिटांत ओसरतो. त्यांना हलक्यानं मात्र घेऊ नका. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीचे सर्वाधिक बळी 246 आहेत, 1888 साली मुरादाबादच्या आसपास गेलेले.

खालच्या अंगानं जा म्हटलं, पण कोरड्या ओढ्यात उतरून बसू नका. तुमच्याकडे थेंबही नसताना वरच्या अंगाला पडलेलं पाणी लोंढ्यानं येतं. घोट्याच्या थोडं वर, जेमतेम 15 सेंटीमीटर वाहतं पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलतं, 30 सेंटीमीटर लहान गाडी ढकलतं, 60 सेंटीमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात. पुलावरून पाणी चाललं असेल तर पलीकडचं घर दिसत असलं तरी अलीकडेच थांबा.

वादळानंतर पडलेली तार मेलेली आहे असं कधी धरू नका. निदान 10 मीटर लांब राहा आणि दुसऱ्यांनाही अडवा. तारेजवळ सापडलातच तर ढांगा टाकू नका, पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून घासत, इंचाइंचानं मागे सरा. कारण मघाचंच, दोन पायांतलं अंतर. तार गाडीवर पडली तर आतच बसून राहा आणि मदत बोलवा. गाडीनं पेट घेतला तरच, पाय जुळवून, गाडी आणि जमीन एकाच वेळी न शिवता उडी मारा आणि तसेच पाय घासत लांब जा.

कोणाला झटका बसला तर

त्याला हात लावा. शरीरात वीज साठून राहत नाही, शिवल्यानं तुम्हाला काही होत नाही. या एका भीतीपायी लोक लांब उभे राहतात आणि वेळ जातो.

विजेच्या तडाख्यात सापडलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण जगतात. अमेरिकेतल्या रॉय सलिव्हन नावाच्या वनरक्षकाला 1942 ते 1977 या काळात सात वेळा वीज लागली आणि सातही वेळा तो वाचला. जे दगावतात ते बहुतेक करून हृदय आणि श्वास थांबल्यानं, भाजल्यानं नाही. विजेच्या झटक्यानं थांबलेलं हृदय बरेचदा आपोआप पुन्हा सुरू होतं, पण श्वास चालवणारं मेंदूतलं केंद्र अजून बधिर असतं. प्राणवायू मिळाला नाही की सुरू झालेलं हृदय दुसऱ्यांदा थांबतं, आणि मग ते परत आणणं कठीण. म्हणजे मधल्या काही मिनिटांत कोणी श्वास दिला तर माणूस हाती लागतो.

एरवी अपघातात जो ओरडतोय, हालचाल करतोय त्याच्याकडे आधी बघतात. विजेच्या बाबतीत उलटं करा. जो कण्हतोय तो जगणार आहे. जो निपचित पडलाय, श्वास घेत नाही, त्याच्याकडे आधी जा. मदतीला फोन लावायला कोणाला तरी सांगा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायला लागा: मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर खाली जाईल इतका. येत असेल तर दर 30 दाबांनंतर तोंडानं दोन श्वास. येत नसेल तर नुसते दाब द्या, पण थांबू नका. वादळ अजून डोक्यावर असेल आणि जवळ आसरा असेल तर आधी त्याला तिथे उचलून न्या. अंगाला काही लेपणं, मातीत पुरून ठेवणं यात तीच मोलाची मिनिटं जातात.

काहींचे पाय निळसर, गार आणि लुळे पडतात, नाडी लागत नाही. बघणाऱ्याला वाटतं पाय गेले, पण ही अवस्था बहुतेक वेळा काही तासांत ओसरते. कातडीवर नेच्याच्या पानासारखी लालसर नक्षी उमटते, तीही आपोआप जाते. उठून बसलेल्या, 'मला काही झालं नाही' म्हणणाऱ्या माणसालाही दवाखान्यात न्याच. हृदयाचे ठोके तपासायला हवेत, कानाचा पडदा फाटलेला असू शकतो. घरी आल्यावरही पुढचे काही महिने लक्ष ठेवा: विसरभोळेपणा, झोप उडणं, हातापायांत मुंग्या, डोळ्यांत मोतीबिंदू असे त्रास मागाहून सुरू होतात, आणि तोवर विजेचा प्रसंग मागे पडलेला असतो. डॉक्टरकडे जाल तेव्हा तो आपणहून सांगा.